बावीस किलोची बॅग आणि विमानाचं कार्ड : कंपनी बदलून अकरा महिने झाले, त्याचा अनुभव

नागपूरच्या विमानतळावर पहाटे पावणेपाचला बॅग काट्यावर ठेवली, आकडा आला २२.४, आणि काउंटरवरची पोरगी म्हणाली सर सात किलो जास्त आहे, किलोला साडेपाचशे. मी म्हटलं मॅडम कार्ड पहा ना, सिल्व्हर आहे, मला पंचवीस किलो चालते. तिने दोनदा नंबर टाकला आणि सांगितलं, सर तुमचं कार्ड २० डिसेंबरला संपलं, आता तुम्ही साधे मेंबर आहात. जानेवारीचा दुसरा आठवडा होता तो. मागे लाइन, समोर तिकडे राजकोटला बंद पडलेल्या मशीन, काय करता. ३८५० रुपये मोजले, पावती घेतली. ती पावती अजून पाकिटात आहे.

विमान कंपन्यांची नावं टाकत नाही. जिथं होतो ती पहिली, जिथं गेलो ती दुसरी, एवढं पुरे. जास्त फ्लाइट करणाऱ्या मेंबरला कंपनी सिल्व्हर वगैरे कार्ड देते, त्या स्कीमचे नियम सगळ्यांना ॲपमध्ये दिसतात, ते परत लिहीत बसत नाही. मला जे महागात पडलं तेच लिहितो.

मी हिंगणघाट तालुक्यातला, धंद्यानं जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या मशीनचा फिटर. डबल रोलरच्या मशीनचं काम, रोलर बदलणं, ग्रूव्हिंग, सुरीची सेटिंग, बेअरिंग. आदिलाबाद, वरंगल असलं की रेल्वेनंच जातो, आमच्या गावावरूनच मद्रासची लाइन जाते, पण अहमदाबाद उतरून कडी किंवा राजकोट, दिल्ली उतरून सिरसा, बंगळूरवरून पुढे रायचूर, इथं रेल्वेनं दोन दिवस घातले तर शेठच्या शंभर मशीन उभ्या राहतात आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन लागते. म्हणून शेठ लोक विमानाचं तिकीट काढून देतात. तिकीट देतात, वजनाचे पैसे देत नाही. ते माझ्या मजुरीतून जातात. आणि पाना, सॉकेट सेट, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, हातोडा यातलं काही हँडबॅगेत चालत नाही, सगळं खालीच टाकावं लागते. कॉर्डलेस ड्रिल खाली टाकतो पण त्याची जास्तीची बॅटरी मात्र वर जवळ ठेवावी लागते, ती खाली चालत नाही, हे नव्यानं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. तर फुकट १५ किलो, माझी बॅग बावीस. पॉइंट बिंट सगळं नंतर, माझा सगळा हिशोब या सात किलोवर आहे.

आता कार्ड काहून संपलं ते सांगतो, कारण हे मला स्वतःला समजायला पंधरा दिवस लागले आणि भाच्याला पुण्याहून फोनवर बसवून कागदावर मांडून घ्यावं लागलं.

पहिल्या कंपनीत सिल्व्हर टिकवायला वर्षाला २० फ्लाइट लागत होत्या. पण वर्ष कोणतं, तर तुम्ही ज्या तारखेला मेंबर झाले त्या तारखेपासूनचं. मी मेंबर झालो होतो २० डिसेंबरला, सहज, विमानतळावर वेळ होता म्हणून फॉर्म भरला होता. आमचं काम दसरा-दिवाळीपासून कापूस आला की फुटते आणि मार्चपर्यंत चालते, त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मशीनची दुरुस्ती. म्हणजे २० डिसेंबर हा सिझनच्या बरोब्बर पोटात सुरी घालणारा दिवस. त्या सिझनात माझ्या २६ फ्लाइट झाल्या. त्यातल्या १२ तारखेच्या आधी, १४ नंतर. आधीच्या बारामध्ये मागच्या सिझनच्या शेवटच्या ६ मिळाल्या, झाल्या १८. दोन कमी. कार्ड गेलं. आणि नंतरच्या १४ पुढच्या वर्षात गेल्या, त्यात पुढच्या डिसेंबरपर्यंत आणखी सहा पाहिजे, आणि फवारणीच्या दिवसात मी घरच्या सहा एकरात असतो, कुठं जात नाही. एका सिझनात २६ वेळा त्यांच्याच विमानात बसलो आणि तरी साधा मेंबर. दर आठवड्याला ऑफिसच्या कामानं उडणाऱ्याला या तारखेनं काही फरक पडत नाही, त्याचं वर्ष कुठूनही कापा सारखंच निघते. आपल्यासारख्या सिझनवाल्यांचं तसं नाही. साखर कारखान्यावर जाणारे, बियाणे कंपनीचे, संत्र्याचे व्यापारी, सगळ्यांना हे लागू आहे. मेंबर होताना तारीख पाहूनच व्हा, आणि आपला सिझन नसेल तेव्हा व्हा, म्हणजे माझ्यासारख्यानं जूनमध्ये.

त्यांच्या कस्टमर केअरला चार वेळा फोन केला. म्हटलं ताई दोनच फ्लाइट कमी आहे, आणि पुढच्या तीन आठवड्यात तीन बुक आहे, पाहून घ्या ना. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी सिस्टिममध्ये होत नाही सर. एक जण तर म्हणाला पैसे भरून टियर, म्हणजे कार्डाचा दर्जा, वाढवता येते, आकडा ऐकून फोन ठेवून दिला.

काट्याचंही सांगतो, कारण मला तेव्हा शंका आली होती. घरून निघताना गावातल्या किराणा दुकानात बॅग मोजली होती, २१.९ भरली होती. तिथं २२.४. आम्ही काट्यावर जगणारी माणसं, कापसाच्या गाडीत क्विंटलमागे किलोभर इकडेतिकडे झाला तर गावात बोंब होते. पुढच्या वेळी मी काउंटरवर वाकून पाहिलं, वैधमापनवाल्यांचा शिक्का होता. आणि दुकानदाराच्या काट्यावर पाच किलोचं माप ठेवून पाहिलं तर तो काटा कमी दाखवून राहिला होता. विमानतळाचा काटा बरोबर निघाला, तेवढं खरं ते लिहिलं पाहिजे. तेव्हापासून हातात लटकवायचा छोटा काटा घेतला, साडेतीनशेला, सगळ्यांनी घ्या.

तर फेब्रुवारीत दुसऱ्या कंपनीत गेलो. भाच्यानं सांगितलं की स्टेटस मॅच म्हणून असते, एका कंपनीचं कार्ड दाखवलं की दुसरी तेवढ्याच लायकीचं कार्ड काही महिने देऊन पाहते. अर्ज केला, कार्डाचा फोटो पाठवला. उत्तर आलं की कार्ड चालू पाहिजे, तुमचं संपलेलं आहे. माझं संपून फक्त सहा आठवडे झाले होते. ज्यांच्या मनात बदलायचं आहे त्यांनी हे करायचंच असेल तर कार्ड जिवंत असताना करा, संपायच्या महिनाभर आधी. मला शून्यातून सुरू करावं लागलं.

दुसऱ्या कंपनीची एक गोष्ट मला फार पटली, तिथं मागचे कोणतेही बारा महिने धरतात. आज तारखेपासून मागं एक वर्ष मोजायचं, त्यात १६ फ्लाइट झाल्या की कार्ड लगेच. सिझन पोटातून कापला जात नाही. फेब्रुवारी-मार्चच्या ४, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत १२, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ॲपवर कार्डाचा रंग बदलला. त्याच संध्याकाळी बंगळूरवरून परत येताना २२ किलोची बॅग ठेवली, पोरगं म्हणालं ओके सर, आणि वरून प्रायॉरिटीची पट्टी लावली. नागपूरला पट्ट्यावर माझी बॅग तिसरी आली. नाहीतर दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं उभं राहा आणि वर्धा रोडवर येईपर्यंत हिंगणघाटची गाडी निघून गेलेली. त्या दिवशी मिळाली, रात्री साडेनऊला घरी जेवलो. या एका गोष्टीसाठी मी त्यांना दहापैकी दहा देतो.

मे महिन्यात हेच लिहायला बसलो असतो तर दुसऱ्या कंपनीला शिव्याच दिल्या असत्या. झालं असं की मार्चच्या तीन फ्लाइट खात्यात आल्याच नाही. तिकीट शेठच्या एजंटनं काढलं होतं, त्यानं नाव आणि आडनाव एवढंच टाकलं. माझ्या खात्यात आधारप्रमाणे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सिस्टिमसाठी ती दोन वेगळी माणसं. क्लेम टाकला, नाकारला. परत टाकला, परत तेच. आपल्या महाराष्ट्रात तर माणूस वडिलांच्या नावाशिवाय पुराच होत नाही, शाळेचा दाखला, सातबारा, सगळीकडं तीन नावं, आणि यांना दोनच पाहिजे. बोर्डिंग पास टाकून दिले असते तर मेलोच होतो, पण मला प्रत्येक कागद ठेवायची सवय आहे. तिसऱ्या वेळी तिन्ही बोर्डिंग पास आणि आधारचा फोटो मेलला लावून पाठवला, साध्या मराठी-हिंदीत लिहून, आणि सत्तेचाळीस दिवसांनी तिन्ही जमा झाल्या. वरून एका बाईचा फोन आला, म्हणाल्या काका खात्यात नाव दोनच ठेवून घ्या, मी इथूनच करून देते. आणि करून दिलं. तेव्हापासून एकही चुकली नाही. एजंटलाही आता मेंबर नंबर आधीच पाठवतो, कारण एजंट आपणहून टाकत नाही.

पॉइंटचं आता, म्हणजे फ्लाइट केली की खात्यात जमा होतात ते. पॉइंटची किंमत काढायची रीत सोपी आहे, पॉइंटनं तिकीट काढलं तरी टॅक्स आणि विमानतळाचे पैसे रोख भरावेच लागतात, ते रोखीच्या तिकिटातून वजा करा आणि उरलेल्याला पॉइंटनं भागा. माझं नागपूर-बंगळूर तिकीट रोखीनं ३६५० होतं, पॉइंटनं ४२०० पॉइंट अधिक ९०० रुपये. म्हणजे २७५० रुपयांना ४२०० पॉइंट, एक पॉइंट साधारण ६५ पैसे. वर्षाला माझे नऊ हजारच्या आसपास व्हायचे, म्हणजे पाच हजार आठशे रुपये. आणि कार्ड गेल्यापासून जास्तीच्या वजनाचे मी भरले १९,४००, सगळ्या पावत्या जोडून. तिपटीच्या वर. लोक पॉइंटवरून भांडत बसतात की इथं शंभराला किती आणि तिथं किती, मला ते आता पटत नाही. सामान घेऊन जाणाऱ्यानं आधी किलो पहावे.

अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये मैलांची आपली स्कीम काढली तेव्हा किती अंतर उडले यावर मैल मिळायचे, आता बहुतेक ठिकाणी किती पैसे दिले यावर मिळतात. शेठ स्वस्तात स्वस्त तिकीट काढतो, तर आपले पॉइंटही तेवढेच. आणि पॉइंट साठवून ठेवू नका. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तिचे मैल पुढे दुसऱ्या नावानं चालू राहिले खरे पण जेटचं विमान कुठं होतं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली, मेंबरही तिकडे गेले. कंपनी कोणाची होईल आणि नियम कोणते येतील हे आपल्या हातात नाही.

म्हणून पहिल्या कंपनीत माझे ११,३०० पडून होते ते दिवाळीनंतर काढून टाकले. आई आणि बायको, दोघींची बंगळूरची तिकिटं, बहिणीकडे. ८४०० पॉइंट आणि १८०० रोख. आई पहिल्यांदा विमानात बसली, एकाहत्तर वर्षं वय. तिच्या बॅगेत तुरीची डाळ, शेवया, जवसाची चटणी, मी लटकवून मोजली तर चौदा किलो शंभर ग्रॅम. बसल्यावर तिनं मला फोन केला, "बापू, खिडकी भेटली मले." त्या पॉइंटचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी सुचला नसता, आणि त्याबद्दल पहिल्या कंपनीवर माझा राग थोडा कमीही झाला.

पण पहिली पूर्ण सोडता येत नाही हेही लिहिलं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये मी ठरवून दुसऱ्या कंपनीनंच अहमदाबादला गेलो, थेट नव्हतं, मुंबईत बदलून. बॅग मुंबईतच राहिली. मी कडीला पोचलो रात्री, औजार आलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तोपर्यंत शेठच्या मिस्त्रीचे पाने घेऊन काम केलं, सॉकेट साइज जमत नव्हती, एका रोलरचं काम तसंच ठेवावं लागलं. शेठ काही बोलला नाही, पण चेहरा पाहिला मी. कार्डासाठी फ्लाइट जोडायला गेलो आणि अर्धा दिवस घालवला. तर आता नियम करून टाकला, औजार सोबत असलं की थेट फ्लाइट, कंपनी कोणतीही असो. बंगळूर, हैदराबाद, दिल्लीला दुसरी. अहमदाबादला पहिली, आणि जास्तीचे किलो काउंटरवर नाही, आदल्या दिवशी ॲपवर घ्यायचे, स्वस्त पडतात.

अमरावतीकडच्यांसाठीही लिहितो, तिथल्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची फ्लाइट सुरू झाली, अलायन्स एअरची, पंख्याचं छोटं एटीआर विमान. तिकडच्यांना मुंबईसाठी दरवेळी नागपूर गाठायची गरज राहिली नाही, पण कार्डाचा विचार करत असाल तर पुढं कुठं जाता ते आधी पहा, नुसत्या मुंबईच्या फेऱ्यांसाठी कंपनी बदलू नका. क्रेडिट कार्डवाले विमानतळावर अडवतात, फुकट पॉइंट देतो म्हणून. वर्षाची फी विचारा आणि पुढं चला.

परवा राजकोटचा फोन आला, त्याच शेठचा. अहमदाबादपर्यंत थेट पाहिजे म्हणून पहिल्याच कंपनीचं काढायला सांगितलं, पाच किलो ॲपवर घेतले. बाकीचे दोन किलो पुलरचे होते. शेठला विचारलं तुमच्याकडे मोठा पुलर आहे का, तो म्हणाला हाव मिस्त्री आहे, फोटो पाठवला. साइज बरोबर आहे. पुलर घरीच ठेवला, बॅग १९.८ भरली.