लिपा, पोदहुम की ओव्चारा? क्रोएशियात एक दिवस बाजूला काढणार असाल तर

क्रोएशियाच्या सहलीत दुब्रोव्निक, स्प्लिट आणि प्लिट्विसची तळी ठरलेलीच असतात. 1 जानेवारी 2023 पासून हा देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला, त्यामुळे इटली किंवा स्लोव्हेनियाला जोडून तिथे जाणं आपल्यासाठी बरंच सोपं झालंय. त्यातला एखादा दिवस काहींना समुद्रासाठी नको असतो. परक्या फौजांच्या ताब्यात असताना इथल्या साध्या माणसांचं काय झालं, हे जागेवर उभं राहून समजून घ्यायचं असतं. हे त्यांच्यासाठी लिहितेय.

डोळ्यांसमोर हत्याकांडांच्या मुख्यतः तीन जागा आहेत. लिपा आणि पोदहुम ही दोन गावं रिएका या बंदराच्या आसपास, एकमेकांपासून गाडीने फार लांब नाहीत. ओव्चारा मात्र देशाच्या पार पूर्व टोकाला, वुकोवारच्या बाहेर. झाग्रेबहून रिएका दोन तासांच्या आत येतं, वुकोवारला तीन तास तरी धरा. म्हणजे किनारा की पूर्व, हे आधीच ठरवावं लागतं. अंतर बघून ठरवू नका, एवढं मात्र सांगेन. तिन्ही ठिकाणी मागे काय उरलं आणि कोण उरलं, ते बघून ठरवा.

पोदहुमपासून सुरुवात करते, कारण तारखेने ते पहिलं. ग्रोब्निकच्या माळावरचं हे गाव. आज शेजारी मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. एप्रिल 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, युगोस्लाव्हिया (क्रोएशिया तेव्हा त्याचाच भाग) कोसळला आणि मुसोलिनीच्या इटलीने हा पट्टा आपल्या फ्यूमे प्रांतात ओढून घेतला. फ्यूमे म्हणजेच रिएका. गावातली पोरं पार्टिझानांना, म्हणजे कब्जेदारांशी लढणाऱ्या सशस्त्र बंडखोरांना, जाऊन मिळू लागली. जून 1942 मध्ये तिथल्या इटालियन शिक्षक दांपत्याचा खून झाला आणि प्रांताचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रमुख, टेमिस्टोकले टेस्ता याने सूड घ्यायचं ठरवलं. 12 जुलै 1942, रविवार. सैन्याने गाव वेढलं, 16 ते 64 वयाचे पुरुष वेगळे काढले आणि त्यांना गटागटाने नेऊन गोळ्या घातल्या. किमान 91 जण गेले. मग घरं पेटवली, जनावरं हाकून नेली आणि उरलेल्या 800 च्या वर माणसांना, म्हणजे मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारे, इटलीतल्या छावण्यांत पाठवलं.

पोदहुममध्ये साक्षीदार उरले. नवरा, भाऊ, मुलगा ज्यांच्यासमोरून नेला त्या बायका छावणीतून परत आल्या आणि त्याच माळावर पुन्हा घरं उभी राहिली. तिथे गेलात तर बघायला स्मारक आहे आणि नांदतं गाव आहे. मोठं संग्रहालय नाही, समजावून सांगणारे फलकही फारसे नाहीत. वाचून गेला नसाल तर अर्ध्या तासात परत फिराल आणि काही हाती लागलं नाही असं वाटेल.

लिपा वेगळं. इथे साक्षीदारच जवळपास संपवले गेले.

लिपा स्लोव्हेनियाच्या हद्दीजवळ, रूपाच्या नाक्याशेजारी. एक गोष्ट आधी ध्यानात घ्या: हे गाव 1920 पासूनच इटलीत होतं, म्हणजे कागदोपत्री इथे कोणी नव्याने कब्जा केलेला नव्हता. गावकरी क्रोएट, वर झेंडा इटलीचा. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी सगळा प्रदेश आपल्या हातात घेतला. या भागातला जर्मन सेनापती लुडविग क्युब्लर याने फेब्रुवारी 1944 मध्ये दहशतीला दहशतीनेच उत्तर द्यायचा हुकूम काढला होता. एप्रिलअखेर पार्टिझानांनी रूपाच्या ठाण्यावर हल्ला केला आणि 30 एप्रिल 1944 ला जर्मन तुकड्या, सोबत इटालियन फासिस्ट, लिपात शिरल्या. तोही रविवारच होता.

मारले गेले 269. त्यात 121 मुलं. सगळ्यात लहान बाळ सात महिन्यांचं. काहींना घरातच मारलं. बाकीच्यांना गावाच्या कडेच्या एका घरात कोंडलं आणि ते घर पेटवून दिलं. वाचले ते मुख्यतः त्या दिवशी गावाबाहेर असलेले.

मग हे जगाला कळलं कसं? मारणाऱ्यांनीच त्या दिवसाचे फोटो काढले होते. फिल्म धुवायला त्यांनी जवळच्या इलिर्स्का बिस्त्रित्सा या गावातल्या एका फोटोग्राफरकडे टाकली. त्याने मागितल्या तेवढ्या प्रती करून दिल्या आणि गुपचूप एक जास्तीची प्रत स्वतःकडे ठेवली. पकडला गेला असता तर त्याचं काय झालं असतं, हे सांगायला नको. डार्करूमच्या लाल उजेडात, रसायनाच्या थाळीत एकेक चित्र वर येताना त्या माणसाने काय पाहिलं असेल, हा विचार मनातून जात नाही. पेटलेली घरं, धूर, ओळखीचा रस्ता. लिपाबद्दल आज आपण जे डोळ्यांनी बघू शकतो, त्यातलं बरंचसं त्या जास्तीच्या प्रतीमुळे.

इथलं संग्रहालय 1968 मध्ये सुरू झालं, 1989 मध्ये बंद पडलं आणि 2015 मध्ये ‘लिपा पाम्ती’ म्हणजे ‘लिपाला आठवतं’ या नावाने पुन्हा उघडलं. अवघी काही घरं असलेलं गाव, पण संग्रहालय उत्तम बांधलंय. गाव कसं जगत होतं, काय पिकवत होतं, कुठे कामाला जात होतं, हेही ते दाखवतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यामुळे ही माणसं फक्त मेलेली माणसं राहत नाहीत. क्युब्लरला 1947 मध्ये ल्युब्ल्यानात फाशी झाली. पोदहुमच्या टेस्तावर मात्र खटलाच चालला नाही, तो 1949 मध्ये मरण पावला. युगोस्लाव्हियाने मागितलेले युद्धगुन्हेगार इटलीने हवाली केलेच नाहीत.

आता ओव्चारा. अर्धशतक पुढे या. 1991 मध्ये क्रोएशिया युगोस्लाव्हियातून फुटून निघाला आणि युद्ध पेटलं. वुकोवारचा वेढा 87 दिवस चालला, 25 ऑगस्ट ते 18 नोव्हेंबर 1991. शहर पडल्यावर युगोस्लाव्ह जनसेनेने, म्हणजे युगोस्लाव्हियाच्या सैन्याने, 20 नोव्हेंबरला रुग्णालयातून अडीचशेच्या वर माणसं बाहेर काढली: जखमी, कर्मचारी, आसऱ्याला आलेले. त्यांना ओव्चाराच्या शेतावर नेलं, तिथल्या शेडमध्ये बेदम मारलं आणि रात्री स्थानिक सर्ब सशस्त्र गटांच्या हाती दिलं. 1996 मध्ये सामूहिक कबरीतून 200 मृतदेह निघाले. वेढ्यात शेवटपर्यंत रेडिओवरून शहराची हकिगत सांगणारा सिनिशा ग्लावाशेविच त्यांच्यातच होता.

तीच शेड 2006 पासून स्मारक आहे. आत अंधार. भिंतींवर माणसांचे चेहरे उजळतात आणि विझतात. पायाखालच्या काँक्रीटमध्ये बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या रुतलेल्या आहेत. त्यांच्यावरूनच चालावं लागतं.

ओव्चाराची बाजू भक्कम आहे ती पुराव्याने. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने जनसेनेचे अधिकारी मिले म्र्कशिचला 20 वर्षं आणि वेसेलिन श्लिवानचानिनला अखेर 10 वर्षं शिक्षा दिली. तिसरा आरोपी सुटला. पण ‘सामान्य नागरिकांचं हत्याकांड’ म्हणून तुम्ही तिथे जाणार असाल तर हेही माहीत असू द्या: न्यायाधिकरणाने तिथल्या बळींना प्रामुख्याने युद्धकैदी मानलं आणि त्यामुळे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप टिकला नाही. घरच्यांना हे अजून सलतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पलंगावरून उचलून नेलेला जखमी माणूस कोणत्या रकान्यात बसतो, याने त्याच्या मरणात काय फरक पडतो?

1991 चंच, पण निव्वळ गावकऱ्यांचं हत्याकांड समजून घ्यायचं असेल तर झादारजवळचं श्काब्रन्या गाठा. वुकोवार पडलं त्याच दिवशी, 18 नोव्हेंबरला, ते घडलं. क्रायिना या क्रोएशियातल्या तेव्हाच्या बंडखोर सर्ब पट्ट्याचा नेता मिलान मार्तिच याच्या 35 वर्षांच्या शिक्षेत श्काब्रन्याचाही हिशोब आहे. प्लिट्विसहून स्प्लिटला जाताना वाट थोडी वाकडी केली की झालं.

माझं मत विचाराल तर, एकच दिवस असेल आणि तुम्ही किनाऱ्याच्या बाजूला असाल तर लिपा. सकाळी संग्रहालय, मग जळलेल्या घराचे अवशेष, आणि घाई नको. दुपारनंतर अंगात बळ उरलं तर पोदहुम, तेही हातात फुलं घेऊन, प्रेक्षणीय स्थळ म्हणून नव्हे. बारा वर्षांखालच्या मुलांना लिपाच्या फोटोंसमोर नेऊ नका. पोदहुमला नेलंत तर चालेल, तिथे मोकळं आकाश आहे आणि गोष्ट तुमच्या शब्दांत सांगता येते.

दोन दिवस असतील तर वुकोवार. रुग्णालयाच्या तळघरापासून सुरुवात करा, ओव्चारा शेवटी ठेवा, मध्ये शहराच्या स्मशानभूमीतल्या 938 पांढऱ्या क्रुसांपाशी थांबा. आणि जाता-येता महामार्ग सोडून यासेनोवात्सला, दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावणीच्या जागी, वळा. तिथे मारणारे परके नव्हते. क्रोएशियाच्याच उस्ताशा या नाझींच्या साथीदार फासिस्ट राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा माणसं मारली. स्मारकाच्या यादीत 83,145 नावं आहेत. क्रोएटांचं दुःख समजून घ्यायला निघालेल्याने ही यादी टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

नोव्हेंबरात जात असाल आणि वुकोवारपर्यंत पोहोचणं जमत नसेल, तर 17 तारखेच्या संध्याकाळी झाग्रेबमध्ये थांबा. वुकोवारच्या नावाचा एक लांबलचक रस्ता तिथे आहे. अंधार पडला की लोक घरातून येतात, वाकून फुटपाथच्या कडेला लाल काचेचे दिवे ठेवतात आणि थोडा वेळ तिथेच उभे राहतात. असा दिवा कुठल्याही दुकानात मिळतो. तुम्हीही एक घ्या.