नागपूरच्या उन्हात इन्फ्रारेड लॅप बीकन: सात महिन्यांचा अनुभव

ट्रॅकची प्रत्येक फेरी (लॅप) किती सेकंदांची झाली ते इन्फ्रारेड झोतानं मोजणारी ही सिस्टिम आमच्या कॉलेज टीमच्या गाडीवर नोव्हेंबरात बसवली. ट्रॅकच्या कडेला स्टँडवर झोत सोडणारा ट्रान्समीटर (हाच बीकन), गाडीच्या डाव्या अंगाला तो टिपणारा रिसीव्हर. हिवाळ्यात दुपारी सराव असायचा, एकही लॅप हुकली नाही. मार्चमध्ये ऊन तापलं, सराव संध्याकाळी साडेपाचवर गेला आणि स्क्रीनवर मधूनच ४२ सेकंदांऐवजी ८४ दिसू लागले. आकडा दुप्पट आला की मधला सिग्नल हुकला, एवढं कळलं. का हुकला, ते कळेना.

बॅटरी बदलली. ट्रान्समीटर फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिला. एलईडी जांभळट चमकत होते, म्हणजे तो ठणठणीत. शेवटी कुणीतरी रिसीव्हरच्या जागी डोळा नेऊन पाहिलं, तर समोर थेट मावळतीचा सूर्य! उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, सेन्सर त्यानंच दिपून जातो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. अर्ध्या मीटरचा झोत गाडी २५ मिलिसेकंदांत ओलांडते. तेवढ्यात सेन्सर आंधळा असला की लॅप गेली.

बीकन होता त्या पट्ट्यावर गाडी उत्तरेकडे धावते, म्हणून डावी बाजू पश्चिमेला. बीकन समोरच्या, दक्षिणेकडे जाणाऱ्या पट्ट्यावर हलवला. रिसीव्हर पूर्वेकडे बघू लागला. शिवाय त्याला काळ्या पाइपचा दोन इंची तुकडा टोपीसारखा लावला. त्या संध्याकाळी सगळ्या लॅप नोंदल्या गेल्या. खरंच फार आनंद झाला.

नव्या जागी मात्र तीन-चार सेकंदांच्या लॅप उगवल्या. शेजारच्या शेडच्या पत्र्यावरून झोत परत येत होता. लॉकआउट, म्हणजे एक सिग्नल मिळाल्यावर पुढच्या सिग्नलांकडे दुर्लक्ष करायचा वेळ, ३० सेकंद ठेवलं, प्रश्न मिटला. ते लॅपपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर एकाआड एक लॅप गायब होईल.

उरला एक त्रास: इंजिन जोरात फिरताना (वरच्या आरपीएमला) बीकन समोर नसतानाही लॅप नोंदली जायची. सिग्नलची वायर स्पार्क प्लगच्या वायरीला चिकटून नेली होती, ठिणगीचा विद्युत अडथळा तिच्यात शिरत होता. असा अडथळा रोखणारी शील्डेड केबल घेऊन ती दुसऱ्या बाजूनं नेली.

लॅप मोजायला बीकनऐवजी जीपीएस घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. १० हर्ट्झचं जीपीएस त्याच वेगाला दर दोन मीटरवर एक बिंदू देतं, मधलं अंतर हिशेबानं भरावं लागतं. छोट्या ट्रॅकवर सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडायचं असेल तर मी बीकनच घेईन. आता सराव सकाळी सहाला असतो, म्हणून बीकन परत जुन्या पट्ट्यावर गेलाय.