मेमरी कार्डाचा फोन : खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंतचा अनुभव

कार्डावरचे फोटो पुसले की ते गेल्यासारखे दिसत, आणि फोन बंद करून पुन्हा चालू केला की सगळे जागच्या जागी हजर असत. आधी मला हा गॅलरीचा दोष वाटला. मग फोनमधूनच कार्ड फॉरमॅट केले, काम पूर्ण झाल्याचा संदेशही आला. फोन पुन्हा सुरू केल्यावर मात्र द्राक्षबागेतल्या एप्रिलच्या खरड छाटणीपासूनचा सगळा संग्रह तसाच समोर होता. संगणकाला रीडर लावून पाहिला, तेथेही तोच प्रकार. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर बाग पोंग्यात, म्हणजे डोळे फुटण्याच्या अवस्थेत असताना आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारण्या लागोपाठ चालू असताना नवा एकही फोटो कार्डावर उतरत नव्हता आणि जुना एकही हलत नव्हता.

आमची द्राक्षे निर्यातीची आहेत. त्यामुळे प्रत्येक फवारणीच्या वेळी औषधाच्या बाटलीचे लेबल, त्यावरचा बॅच क्रमांक, कोणता प्लॉट आणि वेलीची अवस्था कोणती, हे सगळे मी फोटोत ठेवतो. फळांतल्या औषधांच्या उर्वरित अंशांच्या तपासणीत एखादा घटक मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर तोंडी आठवणीला काही किंमत राहत नाही. म्हणून फोनमधली जागा हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही, वहीखात्याचा आहे.

कार्डाला काय झाले, ते नंतर समजले. फ्लॅश मेमरीच्या पेशींवर लिहिण्याला मर्यादा असते आणि खराब झालेल्या भागांच्या जागी वापरण्यासाठी कार्डात काही राखीव भाग ठेवलेला असतो. तो संपला किंवा आतल्या नियंत्रक चिपला काही गंभीर बिघाड जाणवला, की अनेक कार्डे स्वतःला केवळ वाचण्यापुरती कुलूपबंद करून घेतात. फोनला वाटते की आपण फोटो पुसला, पण तो बदल कार्डापर्यंत पोहोचलेलाच नसतो. या व्यवस्थेला दाद द्यावी लागेल, कारण जुने सगळे फोटो मला सुखरूप उतरवून घेता आले. पण फोटो आणि काही व्हिडिओ एवढ्या लिखाणाने एका हंगामात कार्ड झिजणे शक्य नाही. ते मी एकदाही पूर्ण भरलेले नव्हते. मुळात सदोष असलेला माल माझ्या वाट्याला आला, असेच माझे मत आहे. फोनची आणि कार्डाची नावे मी देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते बहुतेक कंपन्यांच्या मालाला सारखेच लागू पडते.

खरेदीच्या वेळचा हिशेब साधा होता. जुना 64 जीबीचा फोन व्हॉट्सॲपने गच्च भरला होता. नव्या मॉडेलचा 128 जीबीचा आणि 256 जीबीचा प्रकार यांत अडीच हजारांच्या आसपास फरक होता, आणि 128 जीबीचे नावाजलेले कार्ड हजाराच्या आत मिळत होते. जे काम हजारात होते त्याला अडीच हजार कशाला, असा विचार शेती करणारा कोणीही करील. पत्नीसाठी त्याच वेळी घेतलेल्या फोनला कार्डाची खाचच नव्हती, म्हणून तो नाइलाजाने 256 जीबीचा घेतला. घरात असे दोन वेगळ्या जातीचे फोन आले आणि तुलना आपोआप होत राहिली.

जुन्या फोनवरून नव्यावर येणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. दोन्ही फोन केबलने जोडले, संपर्क, संदेश, फोटो आपोआप आले. व्हॉट्सॲपच्या गप्पा क्यूआर कोड दाखवून थेट एका फोनवरून दुसऱ्यावर गेल्या. कटकट पुढे सुरू झाली. जागा सर्वांत जास्त खाणारे व्हॉट्सॲप आपला सगळा पसारा फोनच्या अंतर्गत साठवणीतच ठेवते, आणि तो कार्डावर हलवण्याची सोय त्यात नाही. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, कार्डाला फोनच्याच साठवणीचा भाग करण्याची सोय मूळ प्रणालीत आहे, पण अनेक कंपन्या ती आपल्या फोनांत देत नाहीत आणि माझ्याही फोनात ती नाही. म्हणजे कार्डावर गेले ते कॅमेऱ्याचे फोटो, व्हिडिओ आणि पत्नीच्या आग्रहाने भरलेली कीर्तने.

कार्डावरच्या खुणांचा अर्थ माहीत असेल, तर दुकानात थोडे पैसे वाचतात. ए1 आणि ए2 या खुणा ॲप कार्डावरून चालवण्याच्या वेगाबद्दल आहेत. ए2 मध्ये सेकंदाला किमान 4000 वाचने आणि 2000 लेखने अपेक्षित असतात, ए1 मध्ये 1500 आणि 500. पण ए2 चा लाभ मिळण्यासाठी फोननेही त्यातल्या खास आज्ञा ओळखाव्या लागतात, आणि जेथे ॲप कार्डावर जाऊच शकत नाही तेथे हा सगळा प्रश्नच गैरलागू आहे. व्हिडिओसाठी व्ही30 म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी सलग लेखन पुरेपूर आहे. फोनचे 4के चित्रणसुद्धा साधारणपणे सेकंदाला 6 एमबीच्या आसपास लिहिते. वेष्टनावरचा ‘150 एमबीपर्यंत’ हा आकडा वाचनाचा आहे आणि तोही त्या कंपनीच्या खास रीडरवरचा, कारण यूएचएस-1 या प्रमाणित मार्गाची कमाल मर्यादाच 104 एमबी आहे. शिवाय फोनचे टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी 2.0 चे असले, आणि स्वस्त फोनांत ते बहुधा तसेच असते, तर केबलने संगणकावर उतरवताना 30 ते 40 एमबीच्या पुढे वेग जात नाही.

आता ट्रेबद्दल. या फोनमधल्या इतर कोणत्याही गोष्टीने मला जेवढा मनस्ताप दिला नाही तेवढा या नखाएवढ्या पत्र्याने दिला आहे. ट्रे संकरित प्रकारचा आहे, म्हणजे दुसऱ्या खाचेत एक तर दुसरे सिम घाला नाही तर कार्ड घाला. माझ्याकडे दोन क्रमांक आहेत. एक बँकेला आणि आधारला जोडलेला, दुसरा गेली अनेक वर्षे व्यापाऱ्यांकडे असलेला. कार्ड घातले की व्यापाऱ्यांचा क्रमांक जुन्या फोनात, आणि जुना फोन दुसऱ्या खिशात. फोनला ई-सिमची, म्हणजे खाच न लागणाऱ्या अंगभूत सिमची सोय असती तर हा पेच सुटला असता, पण या किमतीत ती नव्हती. कार्डाच्या हजार रुपयांत दुसऱ्या सिमची जागाही खर्ची पडते, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

त्यातही ट्रे काढणे हे बागेत करण्याचे काम नव्हे. फवारणीच्या बोर्डो मिश्रणाने निळसर झालेली बोटे, छिद्रात घालायला पिन नाही, म्हणून शर्टाची सेफ्टी पिन काढायची, तिचे टोक जाड, ते आत जात नाही. अखेर ट्रे बाहेर येतो तो एकदम, आणि कार्ड ट्रेमध्ये नुसते टेकवलेले असल्याने ते वेलीखालच्या ओल्या मातीत पडते. कार्डाला अडकून राहण्यासाठी ट्रेच्या कडेला एक बारीक खोबण ठेवली असती तर कंपनीचे काय गेले असते, हा प्रश्न मी स्वतःला वारंवार विचारला आहे. पूर्वी पाठीमागचे झाकण उघडणारे फोन होते, त्यांत बॅटरीशेजारी कार्ड अंगठ्याने सरकवता येत असे. आताच्या ट्रेमध्ये कार्ड काढायचे तर बँकेचे सिमही सोबत बाहेर येते, नेटवर्क जाते, आणि एका बँकेच्या ॲपने तर सिम परत घातल्यावर नव्याने पडताळणी मागितली. फवारणी करणारी माणसे औषध संपल्याचे सांगत उभी, दुकानदाराला पैसे पाठवायचे आहेत, आणि मी ओटीपीची वाट पाहत बांधावर. ट्रे उघडण्याची बारीक पिन मी आता किल्ल्यांच्या जुडग्यात लावून ठेवली आहे. तरीही ट्रेविषयीचे माझे मत त्यामुळे सौम्य झालेले नाही.

कार्ड कुलूपबंद झाल्यावर वॉरंटीसाठी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. वेष्टनावर दहा वर्षांची हमी होती आणि बिल माझ्याकडे होते. पलीकडचा मुलगा सौजन्याने बोलत होता. “सर, कार्ड कुरिअरने पाठवा, तपासून बदलून देतो. मात्र डेटाची जबाबदारी कंपनीची नाही,” असे त्याने सांगितले. डेटा मी उतरवून घेतला होता, त्यामुळे तो जाण्याची मला चिंता नव्हती. तो तेथे पोहोचण्याची होती. त्या कार्डावर बाटल्यांच्या लेबलांबरोबरच सातबारा, पासबुकाचे पहिले पान आणि घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो होते, आणि कार्ड बिघडले होते ते नेमके अशा रीतीने की त्यावरचे काहीही पुसता येत नव्हते. हे मी त्याला सांगितले. “आम्ही ग्राहकांचा डेटा पाहत नाही, सर,” असे उत्तर आले. ते लेखी द्यावे अशी विनंती केली, तेव्हा तशी पद्धत नसल्याचे कळले. वरिष्ठांनीही तेच ऐकवले आणि आधी डेटा पुसून पाठवण्याचा सल्ला दिला, म्हणजे कार्डाला झालेला रोग कोणता हेच त्यांना उमगले नव्हते.

येथे काटकसर आणि शहाणपण यांची गाठ पडली. कार्डाची किंमत हजाराच्या आत, त्यातून कुरिअरचा खर्च माझा, आणि बदल्यात अनोळखी टेबलावर घरच्यांची आधार कार्डे. दहा वर्षांची हमी असलेले ते कार्ड मी छाटणीच्या कात्रीने मधोमध कापले. आतली चिप चकचकीत काळी दिसते आणि कापताना अपेक्षेपेक्षा बराच जोर लागतो. ज्यांच्या फोनात कार्ड एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे त्यावरचा मजकूर त्याच फोनला वाचता येईल असा सांकेतिक करण्याची सोय आहे त्यांनी ती पहिल्याच दिवशी चालू करावी. मग असे कार्ड निर्धास्तपणे पाठवता येते, फक्त तो फोन रीसेट केला किंवा हरवला तर आपल्यालाही ते वाचता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

इथपर्यंतचा मजकूर मी दिवाळीच्या आसपास लिहून ठेवला होता, आणि त्याचा रोख स्पष्ट होता: अडीच हजार जास्त द्या, 256 जीबी घ्या, कार्डाच्या वाटेला जाऊ नका. त्यानंतर पत्नीचा फोन ठिबकच्या टाकीत पडला. लगेच बाहेर काढला, तांदळात वगैरे न ठेवता सरळ सेवा केंद्रात नेला, तरीही तो सुरू झाला नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च फोनच्या निम्म्या किमतीच्या घरात, आणि आतले काहीही मिळणार नाही, असे तेथे सांगण्यात आले. यात त्या केंद्राचा दोष नाही. आजच्या फोनांत साठवणीची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, तिच्यातला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. बोर्ड गेला की 256 जीबी असो वा 512, सगळे एकदम जाते. त्या फोनात मजुरांच्या हजेरीच्या वहीचे फोटो होते. गुगल फोटोजवर काही भाग सापडला, पण 1 जून 2021 पासून तेथे चढवलेले नवे फोटो 15 जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, ईमेल त्याच जागेत आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत. ती कधीच भरली होती, आणि भरल्यानंतरची हजेरी गेली. मजुरांच्या तोंडी हिशेबावर विश्वास ठेवून पैसे चुकते केले.

म्हणून माझे मत बदलले आहे, पूर्ण नव्हे पण निम्मे. माझे कार्ड बिघडले तरी त्याने फोटो परत दिले. तिच्या फोनात दुप्पट जागा होती आणि हाती काहीच आले नाही. मेलेल्या फोनातून बाहेर निघू शकते हा कार्डाचा एकमेव पण मोठा गुण आहे. मात्र त्यासाठी ते चोवीस तास फोनातच असले पाहिजे असे नाही. फोन चोरीला गेला किंवा विहिरीत पडला तर कार्डही त्याच्याबरोबर जाणार.

सध्या मी टाइप-सीचा पेनड्राइव्ह वापरतो. रोजचे फोटो अंतर्गत साठवणीत, रविवारी पेनड्राइव्ह लावून त्या आठवड्याचा फोल्डर त्यावर, आणि महिन्याअखेर तोच घरच्या संगणकावर. यात ट्रे उघडावा लागत नाही, हे माझ्या दृष्टीने निम्मे काम. गैरसोयी आहेत. पेनड्राइव्ह चांगलाच तापतो. काही फोनांत ओटीजी, म्हणजे फोनला पेनड्राइव्ह थेट जोडण्याची सोय, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते आणि थोडा वेळ वापर नसेल तर ते आपोआप बंद होते. माझा पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आला होता, आणि त्या पद्धतीत 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे छाटणीच्या प्रशिक्षणाचा लांब व्हिडिओ अर्ध्यावर अडला. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर गेला. कार्ड असो वा पेनड्राइव्ह, आणल्याबरोबर एच2टेस्टडब्ल्यूसारख्या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून आणि वाचून तपासावा, कारण 16 जीबीची चिप 128 म्हणून विकणारे महाभाग बाजारात आहेत आणि अशा मालात जागा संपल्यावरचे फोटो न सांगता नष्ट होतात. 128 ऐवजी 119 दिसले तर मात्र भांडायला जाऊ नये; तो मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

पत्नीसाठी पुन्हा फोन घ्यायचा आहे. दोन सिम आणि कार्ड अशा तीन स्वतंत्र जागा असलेला फोन शोधला, पण आमच्या किमतीत मनाजोगता मिळाला नाही. महागड्या फोनांची आशा तर सोडूनच द्यावी. सॅमसंगनेही 2021 च्या एस21 पासून त्या मालिकेतली कार्डाची खाच काढून टाकली. तेव्हा बहुधा 256 जीबीचा आणि सोबत दुसरा पेनड्राइव्ह, असे ठरते आहे. माझ्या फोनात व्यापाऱ्यांचे सिम परत गेले आहे, जुना फोन मुलाने अलार्मसाठी उचलला आहे, आणि द्राक्षांचे सौदे सुरू होईपर्यंत तरी तो ट्रे पुन्हा उघडण्याचा माझा विचार नाही.