सॉफ्टवेअर विकणारेही तेच, नोटीस पाठवणारेही तेच

नकली सॉफ्टवेअर आणि त्यावरून आलेली खोटी नोटीस, यांत माझे एकूण गेले ५५,४८० रुपये. आधी १२,९८०, मग २५,०००, मग १७,५००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण असं काही सांगायला लागलं की ऐकणारा पहिल्यांदा किती गेले तेच विचारतो आणि लगेच म्हणतो, ‘एवढं कसं काय कळलं नाही ओ तुम्हाला?’ सांगतो की. सगळंच सांगतो.

बेळगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेश मंडळांचे अहवाल, सोसायट्यांचे ताळेबंद, मराठी आणि कन्नड दोन्ही. तीन कॉम्प्युटर. मी, बायको आणि कामाला एक पोरगा. या धंद्यातल्यांना सांगायला नको की बाजारात काय चालतं. पेनड्राइव्ह घेऊन कोणीतरी येतो, क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, टाकतो, दोनशे रुपये घेऊन जातो. मला ते नकोच होतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल, त्याचं माझं जुनं लायसन सीडीसकट अजून कपाटात आहे. विंडोज आणि ऑफिससुद्धा रीतसर घ्यायचं म्हणूनच मी बिल मागितलं होतं, जीएसटीसकट. चोरीचा माल घेणारा बिल मागतो काय?

सॉफ्टवेअर विकणारा पोरगा आला तो दिवाळीच्या आधी. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते, तेव्हा जुने कॉम्प्युटर अडकायला नकोत ही चिंता डोक्यात होतीच. गळ्यात ओळखपत्र, पाठीला लॅपटॉपची बॅग, बोलणं अस्सल कोल्हापुरी. दारातच थांबून वर बघितलं आणि म्हणाला, ‘काका, बोर्डावर मराठी बघून बरं वाटलं.’ साठ टक्के कन्नडच्या नियमामुळे बोर्ड नवीन केला तेव्हा खाली मराठीची ओळ ठेवायला मी किती भांडलोय ते गल्लीला ठाऊक आहे. त्याला हे कोणी सांगितलं होतं की त्यानं नुसतं बघून ओळखलं, देव जाणे. पण त्या एका वाक्यावर मी त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसावर इथे आपण जरा लवकरच विश्वास टाकतो. हे त्यांना पक्कं माहीत असतं, निदान आता तरी तुम्हालाही माहीत असू द्या.

त्याचं म्हणणं असं की एका मोठ्या कंपनीचा व्हॉल्यूम लायसनचा, म्हणजे एकगठ्ठा अनेक कॉम्प्युटरांसाठी घेतलेल्या परवान्याचा, कोटा उरलाय, तो लघुउद्योगांना देतायत. आयुष्यभर चालणार. तीन कॉम्प्युटरचे ११,००० आणि त्यावर जीएसटी. बसवताना म्हणाला, ‘अँटिव्हायरस दोन मिनिटं बंद करतो हं काका, उगाच मध्ये येतंय.’ केला बंद. खरं सॉफ्टवेअर बसवायला अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही, हे आज मी कोणालाही सांगू शकतो. त्या दिवशी माझं लक्ष चहाकडे होतं.

आता ते बिल. बिलावर पत्ता कोल्हापूरचा, शाहूपुरीचा. जीएसटी नंबर मात्र २९ नं सुरू होणारा. आणि कर कसा लावलेला? सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा वाटा, ९ टक्के ९९०, एसजीएसटी, म्हणजे राज्याचा, ९ टक्के ९९०. अहो, मी कित्येक वर्षं कोल्हापुरातून कागद मागवतोय! त्या प्रत्येक बिलावर नंबर २७ नं सुरू होतो, कारण २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २९ म्हणजे कर्नाटक. आणि राज्य ओलांडून माल आला की त्यावर आयजीएसटीच लागतो, सीजीएसटी-एसजीएसटीचे दोन तुकडे पडत नाहीत. सीमेवरच्या दुकानदाराला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. कोल्हापूरच्या दुकानाचं बिल, कर्नाटकाचा नंबर आणि कर दोन तुकड्यांत, हे तिन्ही एका कागदावर माझ्या हातात होते आणि मी तो कागद फाइलला लावला.

बरं, तिथे निसटलं म्हणावं तर पुढे आणखी एक संधी आली. आमच्या कर सल्लागारांनी विचारलं, ‘ते सॉफ्टवेअरचं बिल तुमच्या २बी मध्ये दिसत नाही की ओ.’ २बी म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी. म्हणजे विकणाऱ्यानं ते सरकारला दाखवलंच नव्हतं. मी म्हटलं, येईल की पुढच्या वेळी. भरलेल्या जीएसटीच्या १,९८० रुपयांच्या वजावटीसाठी लग्नसराईत कोण डोकं लावतंय? लोक मला या जागेवर हसतात. हसा. पण तुमच्यातल्या किती जणांनी आजवर जीएसटीच्या पोर्टलवर जाऊन एकदा तरी विक्रेत्याचा नंबर तपासलाय? फुकट आहे, नंबर टाकला की नाव समोर येतं. मी सगळं उरकल्यावर टाकून बघितला. तो नंबर एका सिमेंट-सळईच्या दुकानाचा निघाला.

ऐन एप्रिलात, अक्षय्य तृतीयेच्या पत्रिका मशीनवर असताना, तिन्ही कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ असं उमटलं. याचं कारण नंतर एका जाणत्या पोरानं समजावलं. कंपन्यांत, कॉलेजांत एकच सर्व्हर सगळ्या कॉम्प्युटरांना मान्यता देतो. ती १८० दिवसांची असते आणि कॉम्प्युटर मधूनमधून त्या सर्व्हरला गाठून ती वाढवून घेत राहतो. माझे कॉम्प्युटर असल्याच कुठल्यातरी खोट्या सर्व्हरला जोडले होते आणि पुढे तो सर्व्हर गायब. १८० दिवस संपले, ‘आयुष्यभर’ही संपलं. तुमच्या कॉम्प्युटरवर आत्ता बघून घ्या: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, मग तिरकी रेघ आणि एक्स-पी-आर टाइप करून एंटर मारा. चौकटीत पुढची एखादी तारीख दिसली आणि तुम्ही मोठी कंपनी नसाल, तर तुमचाही माझ्यासारखाच कार्यक्रम झालाय.

आणि त्याच आठवड्यात नोटीस आली! इथे माझी कानशिलं अजून तापतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, वर सिंहांची मुद्रा, खाली दिल्लीच्या कुठल्याशा वकिलाची सही. माझ्या दुकानाचं नाव, तीन कॉम्प्युटर, कुठल्यावर काय बसवलंय तेसुद्धा अचूक. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ आणि ६३ब, तीन वर्षं तुरुंग, दोन लाख दंड. तडजोड करायची असेल तर १,८५,०००. पाठोपाठ हिंदीत फोन. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या, नाहीतर उद्या जप्ती.

माझ्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत आणि त्यांवर त्या महिन्यात ते बसवलंय, हे दिल्लीच्या वकिलाला कसं कळलं? लायसन कधी मरणार ती तारीख कोणाला ठाऊक होती? ज्यानं बसवलं त्याला. एवढंच डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण भीती खोट्यावर उभी नव्हती. कंपन्या खरोखर खटले घालतात. दिल्ली उच्च न्यायालयानं नेमलेले लोकल कमिशनर खरोखर ऑफिसांत जाऊन कॉम्प्युटर तपासतात. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये खरोखर म्हटलंय. फोनवरच्यानं तो निकाल मला वाचून दाखवला, मी नेटवर शोधला, तो सापडला. खऱ्या कायद्याच्या धाकानं खोट्या माणसांनी पैसे काढून घेतले माझ्याकडून.

नोटिशीत त्यांनी एक गोष्ट तेवढी गाळली होती. ६३ब लागतं ते प्रत नकली आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला. कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं, दंड ५०,००० पासून दोन लाखांपर्यंत, हे सगळं खरं. पण मला माहीत नव्हतं आणि तसं दाखवायला माझ्याकडे बिल होतं, बनावट का असेना! फक्त एक ध्यानात ठेवा, कळल्यावरही वापरत राहिलात तर ही ढाल गेली. मी त्याच रात्री सगळं पुसलं. तुम्ही मात्र पुसायच्या आधी प्रत्येक पडद्याचा फोटो काढा. मी नाही काढला आणि आता पुरावा मागतात.

घासाघीस होऊन १,८५,००० वरून गाडी ४२,५०० वर आली. २५,००० दुपारी, १७,५०० संध्याकाळी. पिन टाकायच्या आधी पडद्यावर जे नाव येतं ते वकिलाचंही नव्हतं आणि कंपनीचंही नव्हतं, कोणा भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे, ‘हमारे अकाउंटंट का है।’ मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आणखी ७,६५० हवे होते, ४२,५०० वर १८ टक्के जीएसटी. दंडावर जीएसटी! तेव्हा बायको म्हणाली, ‘ठेवा तो फोन.’ तिथे सुटलो. ज्या जीएसटीनं पहिल्या दिवशी सावध करायचं, त्यानं शेवटी केलं.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी नीट ऐकलं, तक्रारीचा नंबर दिला, हे मान्य करतो. पण मध्ये रात्र गेली होती, पैसे तीन-चार खात्यांतून पुढे सरकले होते. ६,२१० रुपये कुठेतरी गोठवलेत, ते सोडवायला कोर्टाचा हुकूम आणा म्हणतात. पैसे गेले असं कळलं की त्याच तासात फोन करा, बायकोला सांगायला लाज वाटते म्हणून रात्र घालवू नका. बँकेत गेलो तर, ‘पिन तुम्हीच टाकलाय ना?’ एवढं एकच वाक्य.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, पार्टी कुठली? कोल्हापूरची म्हटलं. ‘मग कोल्हापूरला जावा की.’ तक्रार मराठीत लिहिली होती, कन्नडमध्ये करून आणा म्हणाले. कन्नड टाइप करून देणं हा माझा धंदाच, करून नेली. साहेब नाहीत, ‘नाळे बर्री,’ म्हणजे उद्या या. नाळे गेलो. मग एकानं शहाणपणा शिकवला, ‘नकली सॉफ्टवेअर तुम्हीच वापरलंय, केस केली तर पहिला आरोपी तुम्हीच.’ म्हणजे चोर जे फोनवर बोलला तेच हे खुर्चीत बसून बोलले. कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापुरात गेलो. तिथे मराठीत गोड बोलले, पाणी दिलं आणि सांगितलं, ‘पैसे बेळगावच्या खात्यातून गेलेत, दुकान कर्नाटकात, आमची हद्दच नाही.’ १ नोव्हेंबर आला की बेळगाव आमचं म्हणायला दोन्हीकडची माणसं गळा फाडतात. बेळगावच्या माणसाचा ५५,४८० चा कागद घ्यायला मात्र दोन्हीकडे कोणी नाही.

हद्द हे कारणच चालत नाही, हे मला पुढे कळलं. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा नवा कायदा, आली, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. नाहीच घेतली तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायचा, पुढे मॅजिस्ट्रेट आहेत. मी पोस्टानं पाठवलाय. पोच जपून ठेवलीय.

ग्राहक आयोगाबद्दलही असंच. एका कार्यालयातल्या बाबूनं ऐकवलं, ‘तुम्ही दुकानदार, ग्राहक कसे?’ २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त धरत नाहीत. त्या बाबूनं तो वाचला नव्हता. मीही तेव्हा वाचला नव्हता, म्हणून मान खाली घालून परत आलो. त्याच कायद्यानं आणखी एक सोय केलीय, जी आपल्यासारख्या सीमेवरच्यांना फार मोलाची आहे: तक्रार तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, विकणाऱ्याच्या गावी जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षं, सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझी अडचण फक्त एवढीच की समोरच्याचं नाव-पत्ता म्हणून त्या खोट्या बिलावरचं काय लिहू? म्हणून सांगतो, विकणारा दारात असतानाच त्याच्या ओळखपत्राचा, गाडीच्या नंबरचा फोटो घ्या. रागावला तर रागावू दे. खरा विक्रेता रागावत नाही.

कॉपीराइटची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय दिल्लीत आहे, ते तडजोडीचे पैसे गोळा करत नाही. खरी कंपनी नोटीस पाठवेल तर उत्तराला वेळ देईल आणि तुमच्या वकिलाशी बोलेल. संध्याकाळी सहाची मुदत आली की समजा भामटा आहे.

परवा निपाणीच्या एका ओळखीच्या छपाईवाल्याचा फोन आला. घाबरलेला. त्यालाही नोटीस आलीय, त्याला २,१०,००० मागितलेत. म्हटलं, आधी बिल काढ आणि जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे वाच. पत्ता कोल्हापूर, आकडे २९. त्याला सांगितलंय, एक रुपया देऊ नको, नोटीस पुसू नको, बिल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं घेऊन सोमवारी ये. दोघांचे कागद एकत्र लावून तक्रार घालतोय, माझी कन्नडमध्ये, त्याची मराठीत. बघू कुठल्या भाषेतली घेतात.