ब्युटेनचा कॅन आणि एलपीजी दोन्हीवर चालणारी पोर्टेबल शेगडी + ५ किलोचा सिलिंडर : वापरून लिहितेय, जोडणीचा भाग नीट वाचा

आधी निकाल सांगून टाकते, शेगडीला पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो कंपनीने जोडणीबद्दल जे चार ओळींचं चिठोरं दिलंय त्यासाठी, कारण शेगडी उत्तम असून उपयोग काय, सिलिंडरला लावायची कशी हेच जर माणसाला सांगितलं नाही तर. म्हणून हा रिव्ह्यू शेगडीचा कमी आणि जोडणीचा जास्त होणार आहे, कंटाळा आला तरी वाचा प्लीज, कारण थंडी सुरू झाली की गंगापूर धरणाच्या बाजूला, इगतपुरीला, भंडारदऱ्याला शनिवार-रविवारी जे काय गॅसचे प्रकार लोक करतात ते बघून पोटात गोळा येतो.

तर वस्तू अशी आहे. सुटकेसमध्ये येणारी एका बर्नरची चपटी शेगडी, उजव्या बाजूला झाकणाखाली ब्युटेनचा कॅन आडवा बसतो (तो स्प्रेच्या बाटलीसारखा, साधारण २२५ ग्रॅमचा) आणि मागे एक पितळी नोझल, तिथे एलपीजीचा पाइप लावता येतो. दोन हजाराच्या आत मिळाली. स्टिकरवर २.९ किलोवॅट लिहिलंय. पेटते एका झटक्यात, चहा-पोहे-पिठलं सगळं व्यवस्थित होतं.

कॅनवर ती चांगली चालते पण दोनच माणसं असतील तर. हिशोब साधा आहे, फुल आचेवर ही शेगडी तासाला २०० ग्रॅमच्या थोडं वरच गॅस खाते, म्हणजे एक कॅन जेमतेम तासभर. आम्ही सिन्नरकडे माझ्या माहेरच्या शेतावर हुरड्याला जातो तेव्हा पंधरा-वीस माणसं असतात, हुरडा गोवऱ्यांवरच भाजतो पण चहा, वांग्याचा रस्सा, लहान मुलांचं दूध याला गॅस लागतोच, तिथे कॅन किती नेणार. आणि दुसरी गोष्ट थंडीची. ब्युटेन शून्याच्या जरासंच खाली, उणे अर्धा डिग्रीला उकळतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा एक आकडी झाला (निफाडवाल्यांना वेगळं सांगायला नको) की कॅनमधला दाबच पडतो, त्यात गॅस निघताना कॅन आणखी गार होतो, हात लावला तर बाहेरून दव आलेलं दिसतं आणि ज्योत मरगळते. लोक मग कॅन गरम पाण्यात काय बुडवतात, चुलीजवळ काय ठेवतात, ते अजिबात करू नका. आपल्या सिलिंडरच्या एलपीजीत ब्युटेनबरोबर प्रोपेन असतो, तो उणे ४२ डिग्रीला उकळतो, त्यामुळे नाशिकच्या थंडीत त्याला फारसा फरक पडत नाही.

म्हणून ५ किलोचा छोटा सिलिंडर घेतला. हे बिनकनेक्शनचे सिलिंडर गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतात, इंडियन ऑइलचा 'छोटू' म्हणून येतो, ओळखपत्र दाखवायचं, बस. फुल आचेवर धरला तरी वीस तासांच्या वर जातो, आमचे तीन-चार हुरडे निघतात. घरचा १४.२ किलोचा उचलून नेऊ नका, एक तर भरलेला तीस किलोच्या आसपास जातो आणि दुसरं म्हणजे तो घरच्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो. सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा बघा, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत असते, उलटून गेलेली असेल तर सरळ बदलून मागा, संकोच करू नका.

आता मुख्य मुद्दा, रेग्युलेटर.

माझ्या दिरांनी त्याच सुमारास ऑनलाइन एक पितळी ॲडॉप्टर मागवला होता, एका टोकाला सिलिंडर दुसऱ्या टोकाला कॅनवाली शेगडी, मध्ये काहीच नाही, फक्त एक चावी. विक्रेत्याने लिहिलं होतं 'नो रेग्युलेटर रिक्वायर्ड'. दिसायला मस्त, जड, चकचकीत. भांडी बाजाराच्या बाजूला गल्लीत एक काका स्टो-शेगड्या दुरुस्त करतात, कुकरच्या रिंगा वगैरे, त्यांच्याकडे नेला. काकांनी तो उलटा-सुलटा केला, एका टोकाला डोळा लावून उजेडाकडे धरला, आरपार दिसलं, आणि मला म्हणाले, "ताई, यात दाब कमी करायला काहीच नाहीये, नुसती नळी आहे ही. मी नाही बसवून देणार, आणि दुसरीकडून बसवून घेऊ पण नका."

बरोबर बोलले ते. साधारण २० डिग्रीला ब्युटेनच्या कॅनमध्ये दाब हवेच्या दुप्पट असतो आणि शुद्ध प्रोपेनचा आठपटीच्याही वर, आपला एलपीजी या दोघांच्या मध्ये कुठेतरी. तुमच्या स्वयंपाकघरातलं रेग्युलेटर हा सगळा दाब उतरवून फक्त ३० मिलिबारवर आणतं, म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम तीन टक्के. कॅनच्या बाजूला शेगडीचं स्वतःचं छोटं रेग्युलेटर असतं पण ते कॅनच्या दाबाला धरून बनवलेलं असतं, त्याच्यामागे सिलिंडर उघडा सोडला तर वायसर, ओरिंग (गॅस अडवणारी रबरी रिंग), नॉब कुठून काय फुटेल सांगता येत नाही. आणि मागचं जे पाइपचं नोझल आहे तिथे तर दाब आधीच कमी होऊन यायला पाहिजे. माझ्या शेगडीच्या पोटाखाली स्टिकरवर बारीक अक्षरात 'एलपीजी ३० मिलिबार' छापलंय. तुम्ही घेताना हे शोधा आणि आयएसआय मार्क बघा. दाबाचा आकडाच लिहिलेला नसेल तर ती शेगडी सिलिंडरला लावायची नाही, कितीही नोझल असू दे.

म्हणजे जोडणी अशी: ५ किलोचा सिलिंडर, त्यावर घरगुती लो प्रेशर रेग्युलेटर (मला एजन्सीने सिलिंडरबरोबरच दिलं), मग पाइप, मग शेगडीचं मागचं नोझल. एवढंच. वडापावच्या गाडीवर भट्टीला जे हाय प्रेशर रेग्युलेटर असतं, ज्याचा नॉब फिरवून दाब वाढवतात, ते इथे लावायचं नाही. ज्योत मोठी येते म्हणून लोक लावतात, ज्योत मोठी येते हे खरंय पण ती पिवळी, उडणारी, शेगडीच्या अंगावर येणारी असते.

मध्येच एक सांगते कारण आमच्या सोसायटीत दोघांनी विचारलं. अमेरिकेतून भाऊ-बहीण दोन बर्नरच्या कॅम्पिंग शेगड्या पाठवतात, हिरव्या नाहीतर लाल पेटीतल्या. त्या वेगळ्या असतात. त्या तिथल्या एक पौंडाच्या छोट्या प्रोपेन बाटलीवर चालतात आणि त्यांचं रेग्युलेटर शेगडीलाच जोडलेलं येतं, म्हणून तिकडे त्या २० पौंडाच्या मोठ्या टाकीला जोडतात तेव्हा मधला पाइप हाय प्रेशरचा असतो आणि मध्ये आणखी रेग्युलेटर नसतं. ते व्हिडिओ बघून इकडे आपला केशरी पाइप थेट सिलिंडरला लावायला जाऊ नका, तो पाइप त्या दाबाचा नाहीच. आणि आपलं घरगुती रेग्युलेटर लावून वर त्यांचं पण ठेवलं तर एकामागे एक दोन रेग्युलेटर होतात आणि ज्योत मेणबत्तीएवढी येते. आटे पण जुळत नाहीत. लेथवाल्याकडून कपलिंग बनवून घेणारे आहेत आपल्याकडे, अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भागात काय पाहिजे ते बनवून मिळतं हे मला माहितीय, पण गॅसच्या बाबतीत बनवून घेतलेलं कपलिंग नको म्हणजे नको. ती शेगडी शोभेला ठेवा आणि इथली घ्या.

पाइप. तारेची जाळी आत असलेला केशरी सुरक्षा पाइपच घ्या, आयएसआय मार्क आणि आयएस ९५७३ हा नंबर पाइपवर छापलेला असतो, तारीख पण असते, पाच वर्षांनी बदलायचा. लांबी दीड मीटरच्या वर नको. मीटरवर कापून मिळणारा साधा रबरी किंवा पारदर्शक पाइप घेऊ नका, शेतावर उंदीर असतात, एका रात्रीत कुरतडतात. पाइप नोझलवर शेवटच्या खाचेपर्यंत ढकलायचा आणि मग क्लॅम्प. क्लॅम्प हा पाइप निसटू नये म्हणून असतो, सैल पाइप घट्ट करायला नसतो, त्यामुळे पाइप नोझलवर सहज सरकत असेल तर तो मापाचा नाही, क्लॅम्प आवळून भागवू नका. पाइप घ्यायला जाल तेव्हा शेगडी बरोबर घेऊन जा, दुकानातच बसवून बघता येतं.

जोडल्यावर साबणाच्या पाण्याची टेस्ट, दरवेळी, घरी केलेली असली तरी जागेवर पुन्हा, कारण गाडीत हादरे बसतात. वाटीत भांड्याचा साबण आणि थोडं पाणी, फेस होईपर्यंत ढवळायचं, शेगडीचा नॉब बंद ठेवायचा आणि रेग्युलेटर चालू करायचं, मग ब्रशने किंवा बोटाने तो फेस रेग्युलेटरच्या बुडाशी, पाइपच्या दोन्ही टोकांना लावायचा आणि नुसतं बघत बसायचं, घाई करायची नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे रेग्युलेटरच्या बुडाशी फेसात एकच बुडबुडा आला, मोहरीएवढा, हळूहळू फुगला, फुटला, परत तिथेच दुसरा. वास काहीच नव्हता कारण वारा होता. रेग्युलेटर काढून बघितलं तर व्हॉल्व्हच्या आतली काळी ओरिंग एका बाजूला चिरलेली. सिलिंडरला टोपी लावून बाजूला ठेवला, त्या दिवशी सगळं चुलीवर केलं आणि दुसऱ्या दिवशी एजन्सीत बदलून आणला. ही ओरिंग घेतानाच बघायची, वरची टोपी काढली की आत दिसते. काडी ओढून लीक शोधणारे आजही आहेत, घरात कोणी तसं करत असेल तर हातातून काडीपेटी काढून घ्या.

मांडणीचं सांगायचं तर सिलिंडर कायम उभा, आडवा केला की गॅसऐवजी पातळ एलपीजीच रेग्युलेटरमध्ये घुसतो. शेगडी थोडी उंचावर, विटांवर किंवा लोखंडी स्टुलावर, सिलिंडर खाली सपाट जमिनीवर आणि पाइप ताणला जाणार नाही इतपत लांब. वारा सिलिंडरकडून शेगडीकडे जायला हवा, उलटा नको. एलपीजी हवेपेक्षा जड, जवळपास दुप्पट, त्यामुळे गळला तर वर उडून जात नाही, खड्ड्यात, चरात, तंबूत, गाडीच्या डिकीत साचून राहतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगी पुरते. म्हणून शेतात पाटाच्या चरीत किंवा विहिरीच्या कठड्याला लागून शेगडी मांडायची नाही. आणि तंबूत तर कधीच नाही, थंडी वाजते म्हणून पण नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. हे कळवळून सांगतेय.

वारा अडवायला लोक शेगडीभोवती पत्रा किंवा विटा गोल लावतात. कॅन आत असेल तर हे भयंकर आहे, कॅन तापतो. शेगडीला जास्त दाब झाला की कॅन आपोआप सुटतो अशी सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. सिलिंडरवर चालवताना कॅन काढूनच ठेवायचा, तो कप्पा रिकामा पाहिजे. कॅनवर चालवताना कप्प्याच्या झाकणावर येईल एवढं मोठं पातेलं किंवा तवा ठेवायचा नाही, उष्णता खाली परतते.

बंद करताना आधी रेग्युलेटर, पाइपमधला गॅस जळून ज्योत विझली की मग नॉब. रेग्युलेटर काढलं की दोरीवाली पांढरी टोपी लगेच व्हॉल्व्हवर.

शेगडीच्या तक्रारी पण लिहिते. मागच्या नोझलचं रबरी बूच सुटं येतं, हरवतं, साखळी द्यायला हवी होती. बर्नर उघडा असल्याने वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते. सिलिंडरवर आच अगदी मंद ठेवली की विझते, त्यामुळे दूध आटवायला उपयोग नाही. पितळी पातेलं मोठं असेल तर पाय डगमगतात, आम्ही पाच-सहा लिटरच्या वर काही ठेवत नाही. सुटकेसच्या बिजागऱ्या प्लॅस्टिकच्या आहेत, टिकतील असं वाटत नाही.

आणि ते रिकामे कॅन सिलिंडरमधून भरायचे किट मिळतात ना ऑनलाइन, ते घेऊ नका. कॅनचा पत्रा ब्युटेनच्या दाबाचा आहे, त्यात प्रोपेनवाला गॅस भरला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारी राहिला तर काय होईल याचा विचार करा. शिवाय असं गॅस काढून भरणं बेकायदेशीर आहे.

नेताना सिलिंडर गाडीत उभा, पट्ट्याने बांधून, टोपी लावून, काचा थोड्या खाली, आणि पोचल्या पोचल्या पहिला तो बाहेर काढायचा. ट्रेनने इगतपुरी-कसाऱ्याकडे जाणारे ट्रेकवाले, रेल्वेत गॅस न्यायला बंदी आहे, कॅनसुद्धा नाही. गॅसचा वास आला आणि सापडत नसेल तर रेग्युलेटर बंद करून सगळ्यांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला न्या, गाडी सुरू करू नका आणि लांब जाऊन १९०६ ला फोन करा, गळतीसाठीचा तो नंबर चोवीस तास चालू असतो.

शेगडी घ्यायची असेल तर ऑनलाइनपेक्षा दुकानात जाऊन घ्या, खालचं स्टिकर वाचून, आणि पाइप-क्लॅम्प तिथेच बसवून.