विमानतळाला नाव कोणाचे द्यावे: गावाचे, व्यक्तीचे की दोन्हींचे?

विमानतळाच्या नामांतराचा ठराव महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत येतो तेव्हा सदस्यांपुढे 'अमुक नाव हवे की नको' एवढाच प्रश्न ठेवला जातो. सुचवलेले नाव बहुधा सर्वांना वंदनीय असल्याने 'नको' म्हणायला कोणी धजावत नाही आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. वास्तविक निवड तीन पर्यायांतून करायची असते: स्थळनाम तसेच ठेवणे, व्यक्तीचे नाव देणे, किंवा व्यक्तीच्या नावापुढे स्थळनाम जोडणे. हा विचार सभेआधीच झालेला बरा, कारण ठराव एकदा वर गेला की त्यातील शब्द बदलणे अवघड होते. राज्य विधिमंडळाचा ठराव, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे प्रस्ताव आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता असा हा प्रवास आहे.

स्थळनामाच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा उपयोगाचा आहे. विमानतळ कुठे आहे हे परक्या प्रवाशाला नावावरून कळले पाहिजे. मात्र नामांतराने सगळा गोंधळ उडेल हा विरोधकांचा दावाही अतिरंजित आहे. तिकिटावर आणि सामानाला लावलेल्या पट्टीवर जी तीन अक्षरे असतात, ती नाव बदलले तरी सहसा बदलत नाहीत. शहराचे अधिकृत नाव मुंबई होऊन इतकी वर्षे झाली, तरी तेथील विमानतळाचा संकेत 'बीओएम'च आहे. फलक आणि कागदपत्रे बदलण्याचा खर्च होतो, पण तो निर्णय फिरवण्याइतका मोठा नसतो. उलट, स्थळनाम ठेवल्याने वाद टळतो हेही खरे नाही. चंडीगडच्या विमानतळाला भगतसिंगांचे नाव देण्याबद्दल पंजाब आणि हरियाणा यांच्यात फारसे दुमत नव्हते. त्यांचे खरे भांडण त्यापुढे 'मोहाली' लिहायचे की 'चंडीगड' यावर अडले, कारण टर्मिनल मोहालीच्या हद्दीत आहे. तिढा सुटून नाव लागायला २०२२ उजाडले.

व्यक्तिनामाचा विचार करताना मी एकच कसोटी लावीन: त्या व्यक्तीचा त्या जमिनीशी काय संबंध? कोल्हापूरचे उदाहरण येथे निर्विवाद आहे. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्यांचे नाव देणे म्हणजे बांधणाऱ्याचे ऋण मान्य करणे होय. पुण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये संत तुकाराम महाराजांचे नाव सुचवले, तेव्हा लोहगाव हे तुकोबांचे आजोळ असल्याचा आधार त्यामागे होता. तोही संबंध खराच आहे, फक्त तो विमानतळाशी नसून गावाशी आहे.

नवी मुंबईची गोष्ट अधिक बोलकी आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने २०२१ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला, आणि रायगड-ठाण्यातील भूमिपुत्रांनी त्याच वर्षी २४ जूनला सिडको भवनाला घेराव घालून दि. बा. पाटील यांच्या नावाचा आग्रह धरला. राज्यभर कोणाचे नाव मोठे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी लढलेला माणूस कोण, एवढेच ते विचारत होते. जासई-दास्तान फाट्याच्या १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क पुढे आला, ही त्यामागची स्मृती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने 'दिबां'च्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तरी नावासाठीचा आग्रह सुरूच होता. ठराव मंजूर झाला म्हणजे नाव लागले असे समजणाऱ्यांनी या तीन वर्षांकडे पाहावे.

हयात नेत्याचे नाव मात्र कसोटी न लावताच बाजूला ठेवावे. कर्नाटकातील शिवमोग्ग्याच्या विमानतळाला माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांचे नाव देण्याचा घाट घातला गेला होता. त्यांनी स्वतःच नकार दिला आणि २०२३ मध्ये राष्ट्रकवी कुवेंपू यांचे नाव लागले. असा शहाणपणा प्रत्येक ठिकाणी सुचेल याची खात्री नाही.

दोन गटांत समेट म्हणून एक नाव विमानतळाला आणि दुसरे टर्मिनलला द्यावे, अशी सूचना हमखास येते. हैदराबादला हा प्रयोग झाला. विमानतळ राजीव गांधींच्या नावाचा असताना, २०१४ मध्ये देशांतर्गत टर्मिनलला एन. टी. रामाराव यांचे नाव देण्याचा निर्णय केंद्राने घेतला, तर तेलंगणा विधानसभेने त्याविरुद्ध ठरावच केला. एक वाद मिटवायला निघून दुसरा उभा करण्याचाच हा प्रकार.

म्हणून माझा कौल असा: विमानतळ नवा असेल आणि व्यक्तीचा जमिनीशी किंवा उभारणीशी प्रत्यक्ष संबंध असेल, तर व्यक्तिनाम आणि त्यापुढे स्थळनाम हा पर्याय घ्यावा. जुन्या विमानतळाला स्थळनाम रुळलेले असेल आणि संबंध केवळ आदराचा असेल, तर नामांतर न करणे बरे. तो आदर रुग्णालय, ग्रंथालय किंवा विद्यापीठातील अध्यासनातूनही व्यक्त करता येतो. व्यक्तिनामच ठरले, तर ठरावात पूर्ण नाव, उपाधी आणि स्थळनाम यांचा नेमका क्रम लिहून घ्यावा. मुंबईच्या विमानतळाला १९९९ मध्ये दिलेल्या नावात 'महाराज' हा शब्द नव्हता आणि तो जोडायला २०१८ पर्यंत थांबावे लागले. मोप्याच्या विमानतळाच्या नावात नुसतेच 'मनोहर' आहे, 'पर्रीकर' का नाही, ही विचारणा गोव्यात नाव जाहीर होताच सुरू झाली होती.