झेनोडोचा डीओआय: मोफत आणि भरवशाचा, पण ‘पब्लिश’ दाबण्याआधी फाइल तपासा

डेटा, कोड किंवा अहवाल कायमच्या पत्त्यावर ठेवायचा आहे आणि आपल्या संस्थेचे स्वतःचे भांडार नाही, अशांसाठी झेनोडो हे ऑनलाइन भांडार ही उत्तम सोय आहे. सर्न ही युरोपातील भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा २०१३ पासून ते चालवते. पैसे लागत नाहीत. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत, जास्तीत जास्त १०० फाइली बसतात. आधीचा डीओआय, म्हणजे उद्धृत करण्यासाठीचा कायमचा ओळख-क्रमांक, नसेल तर नोंदीला १०.५२८१ ने सुरू होणारा डीओआय मिळतो.

लेखात हा डीओआयच छापावा, ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता नव्हे. २०२३ मध्ये झेनोडोने सगळे सॉफ्टवेअर बदलले, पानांच्या पत्त्यातला ‘रेकॉर्ड’ हा शब्दसुद्धा ‘रेकॉर्ड्स’ झाला. डीओआय मात्र तेच राहिले. त्यामागचा पत्ता तेवढा नवा झाला.

डीओआय आधी राखून ठेवता येतो, ही सोय फार मोलाची आहे. मसुदा उघडा, क्रमांक घ्या, तो पीडीएफमध्ये आणि रीडमीमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) टाका आणि मगच फाइल चढवा. प्रकाशित होईपर्यंत हा क्रमांक उघडत नाही, तेव्हा आधीच कुणाला पाठवू नका.

एकदा प्रकाशित केले की शीर्षक, लेखक, वर्णन केव्हाही दुरुस्त करता येते. फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते. हे जाचक वाटेल, पण योग्यच आहे: आज उद्धृत केलेला तक्ता उद्या गुपचूप बदलणार असेल, तर त्या क्रमांकाला अर्थ काय? प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो, शिवाय सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक, जो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभे आहेत, त्यांच्यासाठी आवृत्तीचाच डीओआय द्या. इथे बरेच जण चुकतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नियतकालिकात आलेल्या लेखाला इथे पुन्हा नवा डीओआय घेणे. एकाच लेखाचे दोन क्रमांक झाले की उद्धरणे विभागली जातात. झेनोडोच्या अर्जात आधीचा डीओआय भरायची जागा आहे, ती वापरा.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाशी असलेली जोडणी छान आहे: तिथे रिलीज (कोडची जाहीर आवृत्ती) काढली की तिची झिप झेनोडोवर येते. फक्त झेनोडोतला त्या प्रकल्पाचा स्विच आधी चालू करा. त्याआधी काढलेली रिलीज आपोआप येत नाही. सबमॉड्यूल (प्रकल्पात जोडलेले दुसरे प्रकल्प) झिपमध्ये येत नाहीत, आणि एलएफएसमधल्या, म्हणजे गिटच्या वेगळ्या साठ्यातल्या, मोठ्या फाइलींच्या जागी बहुधा नुसत्या खुणेच्या ओळी येतात. झिप उतरवून उघडून पाहाच. लेखकांची नावे प्रकल्पातल्या सायटेशन फाइलमध्ये (CITATION.cff) द्या, मात्र झेनोडोची वेगळी जेसन फाइलही (.zenodo.json) ठेवली असेल तर फक्त तीच वाचली जाते. त्या जेसनमध्ये स्वल्पविराम चुकला तरी नोंद अडते.

मराठी साहित्य ठेवताना भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडा आणि शीर्षक देवनागरीत लिहून रोमन रूप पर्यायी शीर्षकात द्या. मेटाडेटा (नोंदीची माहिती) डीओआय नोंदवणाऱ्या डेटासाइट या संस्थेकडे जातो, त्यामुळे दोन्ही लिपींत शोधणाऱ्याला नोंद सापडू शकते.

रोज बदलणाऱ्या संकेतस्थळासाठी किंवा शब्दसंग्रहाच्या पत्त्यांसाठी मात्र झेनोडो नको. तिथे पर्ल (PURL) किंवा डब्ल्यू-३-आयडी (w3id) या, वाचकाला कायमच्या पत्त्यावरून खऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या सेवा घ्या. त्यात फाइल आपल्याच सर्व्हरवर राहते आणि सर्व्हर बदलला की पुनर्निर्देशनाची (वळवण्याची) ओळ आपणच बदलायची असते. ते काम नेमके कुणाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा.